आखूडशिंगी, बहुदुधी सायलेन्सर

"काका, माझ्याकडं २०२२ ची यमाहा आर१५ व्ही४ आहे, सेकंडहँड घेतलेली. घर गावभागात, कॉलेज विश्रामबागला. आठवी-नववीच्या पोरांच्या शिकवण्या घेऊन १२ हजार साठवलेत. त्यातून आखूड सायलेन्सर बसवायचाय, मोटोजीपीच्या गाड्यांना असतो तसा, पायाशीच संपणारा. मिरजेतल्या एका दुकानात नावाजलेल्या इटालियन कंपनीची कॉपी २८०० ला मिळतेय, दिसायला हुबेहूब. दुकानदार म्हणतो, कंपनीचा पाइप कापून बसवावा लागेल, नाहीतर बेंड पाइपसकट फुल सिस्टीम घ्या, ९ हजार, दोन-तीन पीएस ताकद वाढेल. मित्र म्हणतो, यमाहाच्या मोठ्या आर-सिक्ससारखा आवाज येतो, नाद खुळा. स्लिप-ऑन, म्हणजे नुसता मागचा डबा, घेऊ की फुल? ॲव्हरेज पडेल का? पोलिसांचं काय? आई नको म्हणते, कारण आजी पुढच्या खोलीत झोपते आणि मला अभ्यासिकेतून यायला रात्रीचे अकरा होतात. — आर१५वाला, गावभाग, सांगली"

आर१५वाल्या,

पत्रात आधी मोटोजीपी, मग पीएस, मग आर-सिक्स आणि अगदी शेवटाला आजी. वय कळलं. रागावलो नाही. तुझ्या वयात मी आजीचं नावसुद्धा काढलं नसतं.

तू मागतोयस ते आपल्याकडचं फार जुनं मागणं आहे. गाय आखूडशिंगी हवी, बहुदुधी हवी, खायला कमी हवी, वर लाथ मारणारी नको. सायलेन्सर वीतभर हवा, ताकद वाढवणारा हवा, आवाज दमदार हवा पण आजीची झोप न मोडणारा, पोलिसाच्या नजरेत न भरणारा, आणि हे सगळं २८०० रुपयांत. असली गाय सांगलीच्या बाजारात येत नाही आणि इटलीतही कुणी पाळलेली नाही. पण नुसतं 'नको' म्हणून तुझी बोळवण केली तर उद्या संध्याकाळी तू त्या दुकानात असशील हे मला ठाऊक आहे. म्हणून जरा सायलेन्सरच्या पोटात शिरूया.

मोटोजीपीच्या गाडीचा सायलेन्सर आखूड असतो, कारण तिला गप्प बसायचंच नसतं. तिथं ना पीयूसी, ना शेजारी, ना पुढच्या खोलीत झोपलेलं कुणी. पाइपची लांबी वरच्या आरपीएमला जुळवलेली, वजन कमी आणि जमेल तेवढं गाडीच्या मध्याशी. बास. रस्त्यावरच्या काही गाड्या मात्र कंपनीतूनच आखूड शेपूट घेऊन आल्या. २००६ ची यमाहा आर-सिक्स बघ, त्याच सालची सुझुकी जीएसएक्स-आर ६०० बघ. बाजूनं बघितलं तर टाचेशी एक ठेंगणं नळकांडं दिसतं आणि पोरं त्यावर भाळतात. पण त्या गाडीच्या पुढ्यात खाली वाकून बघ. इंजिनाखाली, फेअरिंगच्या आत, चांगला मोठा डबा दडवलेला असतो. आवाज मारायचं खरं काम तो करतो. केटीएमच्या पहिल्या आरसी ३९० चंही तेच. बाहेर जवळजवळ काहीच दिसत नव्हतं, कारण सगळं पोट खाली होतं.

तुझ्या गाडीला असं दुसरं पोट नाही. उजव्या बाजूला मागं जो लांबट सायलेन्सर आहे ना, ज्याला तू 'डबडं' म्हणत असशील, तेच तिचं पोट. तू शेपूट कापायला निघालायस आणि जाणार आहे पोट.

आता आर-सिक्सच्या आवाजाचं. हे एकदा नीट समजून घे, म्हणजे त्या मित्राला पुन्हा सांगावं लागणार नाही. फोर-स्ट्रोक सिंगल इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पेटतं. तुझी गाडी १८.४ पीएसची पूर्ण ताकद १०,००० आरपीएमला देते, म्हणजे मिनिटाला ५,००० आणि सेकंदाला ८३ ठोके. गल्लीतून ४,००० वर निघालास तर सेकंदाला ३३. आर-सिक्सला चार सिलिंडर आहेत आणि ती १५,००० पर्यंत सहज जाते. तिथं सेकंदाला ५०० ठोके पडतात. ठोके इतके दाट झाले की त्यांची सलग किंकाळी होते, सुटे राहिले की फटफट. सायलेन्सर बदलून ८३ चे ५०० होत नाहीत. आर१५ चा सायलेन्सर काढला की आर१५ च वाजते, फक्त जास्त मोठ्यानं आणि जरा फुटकी.

आणखी एक. दाट ठोक्यांचा, वरच्या पट्टीतला आवाज मारणं सोपं असतं. भोकं पाडलेली नळी, तिच्याभोवती ग्लास वूल, झालं. खालच्या पट्टीतला, खर्जातला ठोका त्या लोकरीला जुमानत नाही. त्याला जागा लागते, कप्पे लागतात. एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना लाट भिंतीवर आपटते, उलटी फिरते आणि मागून येणाऱ्या लाटेशी भिडून विझते. म्हणूनच सिंगल सिलिंडरला आखूड डबा सगळ्यात वाईट मानवतो.

मिरजेला जाणारच आहेस तर त्या दुकानाआधी सतारमेकर गल्लीत एक चक्कर टाक. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ऐकलं असशील. तिथं पुरुषांच्या पट्टीचा तंबोरा बघ आणि बायकांच्या पट्टीचा बघ. पहिल्याचा भोपळा केवढा, दुसऱ्याचा केवढा! पट्टी खाली आली की पोट मोठं लागतं. तिथं आवाज खुलवायला, इथं विझवायला, पण जागा दोन्हीकडं लागतेच. (अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गावात आता फटाका सायलेन्सरची दुकानं निघालीत, यावर मी काही बोलत नाही.)

आता ताकदीकडं येऊ, कारण दोन-तीन पीएसच्या थापेवरच ९ हजारांचा सौदा उभा आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट पाइपातून धावत सुटते. गरम धुरात तिचा वेग सेकंदाला ५०० ते ६०० मीटर असतो. पाइप जिथं एकदम रुंद होतो किंवा उघड्यावर येतो, तिथून ती उलटते आणि ओढणारी लाट होऊन परत इंजिनाकडं येते. दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकदम उघडे असतात. नेमकी त्या क्षणी ती पोचली तर जळका धूर खेचून काढते आणि त्याच्या मागोमाग ताजं मिश्रण आत येतं. पाइप आखूड केला की लाट लवकर परतते, म्हणजे जुळणी आणखी वरच्या आरपीएमला सरकते. पण हा सगळा खेळ मुख्यतः पुढच्या बेंड पाइपचा. शेवटचा डबा बदलून पीएस फारसे हलत नाहीत.

तू चालवतोस कुठं? स्टेशन चौक, विश्रामबाग, मिरज रोड, सीझनला पुढं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या. म्हणजे ३,००० ते ६,०००. यमाहानं तुझ्या इंजिनात व्हीव्हीए, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारी यंत्रणा, घातलंय, ७,४०० ला इनटेकचा कॅम बदलतो. कशासाठी? वर ताकद मिळावी आणि खालचा टॉर्कही जाऊ नये म्हणून. त्यांनी एवढा खटाटोप करून जे राखलं ते तू शिकवणीचे पैसे मोजून घालवणार. आणि १८.४ मध्ये ३ पीएस म्हणजे १६ टक्क्यांची वाढ. नुसता पाइप बदलून १६ टक्के मिळत असते तर यमाहाच्या इंजिनिअरांनी ते सोडले असते का? दुकानदाराला विचार, तुमच्याच गाडीचा आधीचा आणि नंतरचा डायनोचा, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्राचा, कागद दाखवा. तो चहा मागवेल.

माझंही ऐक. १९९१ साली माझ्याकडं आरएक्स १०० होती. आधी सायलेन्सरातली आवाज दाबणारी पुंगळी काढली. आठ दिवस मजा आली, मग तेवढ्यानं भागेना, म्हणून मागून चांगला वीतभर सायलेन्सर करवतीनं उडवला. टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरचं पोट फुगीर असतं आणि पुढं निमुळतं होत जातं. ते निमुळतं अंग बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण परत सिलिंडरात ढकलतं. आरएक्सची निम्मी गंमत तिथं होती आणि मी करवत नेमकी तिच्यावर चालवली. गाडी अशी गर्जायची की मिरजेतली कुत्री पंढरपूर रोडपर्यंत पाठ सोडायची नाहीत. त्या रविवारी दंडोबाच्या चढाला दुसऱ्या गिअरात कण्हत चाललो होतो आणि मागून एक दूधवाला, एम-८० वर, दोन्हीकडं कॅन लटकवून, मला ओलांडून गेला. जाताना त्यानं वळून बघितलं, आणि ते बघणं अजून आठवतं. पुढच्या आठवड्यात जुन्या बाजारात जाऊन भंगारातला अखंड सायलेन्सर शोधला.

असो. तर ती २८०० ची कॉपी. विकत घेऊ नकोस, पण हातात घेऊन बघायला काय हरकत आहे? मागून आत मोबाइलचा टॉर्च मार. पुढचा उजेड आरपार दिसला आणि मधे फक्त भोकांची नळी असली तर तो सायलेन्सर नव्हे, ती लोकर गुंडाळलेली नळी. लोकर उष्णतेनं आणि ठोक्यांनी झिजत जाते, स्वस्त मालात तर लवकरच भुगा होऊन मागून उडते. मग आवाज दर महिन्याला वाढत जातो आणि तुला वाटतं इंजिन 'खुललं'. चांगल्या कंपनीच्या डब्याचे रिबिट काढून लोकर पुन्हा भरता येते, कॉपीचा डबा बहुधा वेल्ड करून बंद केलेला असतो.

मग मापं घे. माझा गॅरेजातला ठोकताळा असा की सिंगल सिलिंडरला डब्याचं आकारमान इंजिनाच्या सीसीच्या निदान दहापट हवं, जास्त असेल तितकं बरं. १० सेंटिमीटर व्यासाचा, २० सेंटिमीटर लांबीचा डबा साधारण दीड लिटरचा होतो, म्हणजे तुझ्या १५५ सीसीला कसाबसा दहापट, तोही आतली नळी आणि लोकर धरून. तुला आवडलेला तो ठेंगणा, ८ सेंटिमीटर जाड आणि १५ लांब असेल तर पाऊण लिटर. पाचपटही नाही. एवढ्याशा पोटात आवाज मावत नाही, म्हणून मग मागं डीबी किलर बसवून देतात. डीबी किलर म्हणजे गळ्यात कोंबलेला बोळा. त्यानं आवाज थोडा दबतो, पण धुराची वाट आवळते. म्हणजे आधी मोकळा श्वास म्हणून नळी मोठी केली आणि शेवटी तोंडच दाबलं. कॉपीतला तो डीबी किलर एका स्क्रूवर असतो, तोही एक दिवस पेठ रोडवर कुठंतरी पडून राहतो.

तोंडाचा व्यासही बघ. हे सरसकट माल ५१ मिलिमीटर तोंडाचे असतात, कारण तेच मोठ्या गाड्यांनाही खपवायचे असतात. तुझ्या गाडीचा पाइप त्याहून बारीक आहे, म्हणून मधे कपलिंग घालतात. बारीक पाइपातून एकदम रुंद नळीत गेला की धुराचा वेग पडतो आणि खालचा ओढा आणखी मरतो. शिवाय सिंगल सिलिंडरची थरथर. कंपनीचा सायलेन्सर रबरी बुशावर टांगलेला असतो, कॉपीला पत्र्याची पट्टी आणि एक बोल्ट. वेल्डिंगला चीर जाते तेव्हा गाडी नेहमी घरापासून लांब असते.

आणि जागेचं बोलायचं तर, आखूड सायलेन्सरचं तोंड पायाशी येतं. मागच्या सीटवर बसणारीची ओढणी, तिचा पाय, सिग्नलला शेजारी थांबलेल्या स्कूटरवाल्याची नडगी, सगळं त्या गरम झोतापुढं. तू गावभागात राहतोस, २०१९ आणि २०२१ चं पाणी तू पाहिलंयस. आयर्विन पुलाची पातळी ४० फुटांवर गेली की घराघरांत हालचाल सुरू होते. तेव्हा तोंड जितकं वर आणि मागं तितकं बरं. खाली पायाशी असलेल्या तोंडातून, गाडी पाण्यात बंद पडली की, पाणी आत शिरायला वेळ लागत नाही.

कापायचं मात्र नावच काढू नको. दुकानदार 'कापून बसवू' म्हणतो, तेव्हा विचार: कॅटलिटिक कन्व्हर्टर कुठं आहे, कापण्याच्या जागेच्या पुढं की मागं? प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असल्या महाग धातूंचा हात फिरवलेली ती जाळी. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ लागू झालं ते गाड्यांनी अशाच गोष्टींच्या जोरावर पार केलं. ती जाळी कापलेल्या तुकड्याबरोबर गेली तर तू स्लिप-ऑन बसवलाच नाहीस, अर्धी गाडी बदललीस. आणि तो कापलेला तुकडा दुकानदार परत देतो का, तेही बघ. भंगारात त्याला भाव असतो.

ॲव्हरेजचं उत्तर याच जागी आहे. पाइपात ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. धुरात ऑक्सिजन किती उरला ते तो ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, सांगतो आणि त्यावरून ईसीयू पेट्रोल कमी-जास्त करते. कापून जोडलेला सांधा सेन्सरच्या आसपास बारीक फुंकत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर म्हणतो, ऑक्सिजन जास्त, पेट्रोल कमी पडतंय. ईसीयू भाबडेपणानं पेट्रोल वाढवते. ॲव्हरेज पडतं, प्लग काळा होतो, आणि ॲक्सिलेटर सोडला की मागं फटाके वाजतात. पोरांना वाटतं ही रेसिंगची खूण! न जळलेलं पेट्रोल पाइपात जळतंय, दुसरं काही नाही. उलट फुल सिस्टीम घेतलीस आणि ईसीयूचा मॅप, म्हणजे पेट्रोल देण्याचा तक्ता, तोच ठेवलास, तर पूर्ण ॲक्सिलेटर पिळल्यावर ईसीयू सेन्सरचं ऐकतच नाही, आपल्या ठरलेल्या तक्त्याप्रमाणं पेट्रोल देते. हवा बदलली, तक्ता तोच, मिश्रण कोरडं पडतं, इंजिन तापतं. म्हणून फुल सिस्टीमला मॅप लागतो, मॅपला डायनो लागतो, आणि तुझे १२ हजार तिथपर्यंत पोचत नाहीत.

पोलिसांचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाजाचे आणि धुराचे नियम मोडले तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिने बाद. गाडीत परवानगी नसलेला फेरफार केला तर १८२अ(४) खाली मालकाला दर फेरफारामागं ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. तुझ्यासारख्या ८० ते १७५ सीसीच्या गाडीला आवाजाची मर्यादा ७७ डेसिबल धरलेली आहे, आणि ती साडेसात मीटरवरून, गाडी वेग घेत जाताना मोजतात. दुकानदार खोक्यावरचा ९४ दाखवेल, तो उभ्या गाडीचा, अर्ध्या मीटरवरचा आकडा असतो. दोन्हींची सांगड घालू नको आणि मोबाइलच्या ॲपवर तर मुळीच जाऊ नको. खोक्यावर युरोपातलं 'ई' मान्यतेचं चिन्ह असलं तरी आपल्याकडं ते चालत नाही. आपली मान्यता पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत गाडीची चाचणी होऊन मिळते, तीही कंपनीनं बसवलेल्या सायलेन्सरसकट. विम्याचंही ध्यानात ठेव, न कळवलेला फेरफार दिसला की क्लेमच्या वेळी सर्व्हेअरच्या भुवया वर जातात.

पण खरं सांगू का, दंडापेक्षा मला तुझा रस्ता जास्त सतावतो. विश्रामबागहून मिरजेकडं निघालास की दोन्ही हातांना दवाखाने सुरू होतात. हॉस्पिटलभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर करायची तरतूद २००० सालच्या नियमांत आहे, आणि मिरजेत १०० मीटर सोडून १०० मीटर मोजायला गेलास तर मधे मोकळी जागा उरायची नाही. कुठून कुठून लोक तिथं आपलं माणूस घेऊन आलेले असतात. रात्री बाहेर फुटपाथवर झोपलेले नातेवाईक तूही बघितले असशील.

आणि तुझी गल्ली. दोन्हीकडं वाड्यांच्या भिंती, मधे जेमतेम रिक्षा जाईल एवढी वाट. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो, पण बोळात तो उतरत नाही, भिंतींवर आपटत दारापर्यंत तुझ्याबरोबर येतो. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो. नियमांतली रात्र दहाला सुरू होते, तू अकराला येतोस. आजीला एकदा जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही, हे तुझ्या आईला माहीत आहे म्हणून ती नको म्हणते. तिला सायलेन्सरमधलं काही कळत नसेल, पण पत्रात सगळ्यात नेमकं तीच बोललीय.

तेव्हा रस्त्यावरच्या आर१५ ला आखूड सायलेन्सर नको. स्लिप-ऑन नको, फुल नको, कॉपी तर नकोच.

ट्रॅकवर उतरायचं डोक्यात असेल तर मात्र माझं बोलणं वेगळं. कोइमतूरचा कारी, चेन्नईजवळचा मद्रास सर्किट आहे, जवळ म्हणशील तर कोल्हापूरकडचा मोहिते ट्रॅक, तो मुळात गो-कार्टचा. तिथं जायचं ठरलं तर तुझ्याच मॉडेलसाठी बनवलेली पूर्ण सिस्टीम घे, सरसकट तोंडाची नको. सांधे स्प्रिंगचे असावेत म्हणजे थरथरीत चीर जात नाही. डबा रबरी बुशावर टांगलेला हवा. बसवल्यावर मागं दोन माणसं बसवून सस्पेन्शन पूर्ण दाबून बघ, स्विंगआर्म कुठं घासतो का. उजव्या वळणाला गाडी झुकली की डबा आधी टेकायला नको, फूटपेग आधी टेकायला हवा. ईसीयूचा मॅप त्याच सिस्टीमचा, डायनोवर तपासलेला. आणि कंपनीचा सायलेन्सर तेल लावून, पोत्यात गुंडाळून माळ्यावर, कारण परत येताना तोच लावायचाय. हे सगळं १२ हजारांत होत नाही. अजून किती शिकवण्या घ्याव्या लागतील ते तूच मांड.

आत्ताच्या १२ हजारांचं काय करावं, ते तू विचारलेलं नाहीस, तरी सांगतो. सेकंडहँड २०२२ ची गाडी आहे. मागच्या १४०/७०-१७ टायरच्या कडेला चार आकडे असतील, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिथं २२ निघालं आणि मधली नक्षी झिजून सपाट झाली असेल, तर पहिले पैसे तिथं. चेन-स्प्रॉकेट दात बघून. मग ब्रेक पॅड. मग आयएसआयचं बरं हेल्मेट, कारण कॉलेजची पोरं कसली हेल्मेट घालतात ते मी रोज गॅरेजातून बघतो. एवढं करून हेडपाशी एक्झॉस्टचा गॅस्केट फुंकतोय का तेही तपासून घे. कितीतरी 'आवाज बसलेल्या' गाड्या त्या एका गॅस्केटनं पुन्हा गोड बोलायला लागतात.

तुझ्या गाडीचा मूळ आवाज तू नीट ऐकलेला नाहीस असा मला संशय आहे. रविवारी सकाळी भोसे सोडून दंडोबाकडं वळलास, रस्ता रिकामा असला की दुसऱ्या गिअरात ७,४०० ओलांड आणि कान दे. कॅम बदलतो तिथं आवाज एकदम पातळ होऊन वर चढतो. हवेच्या बाजूचा आवाज आहे तो, सायलेन्सरचा नव्हे, आणि तुझ्या पायाशी फटाके वाजत असतील तर ऐकू यायचा नाही.

मग गाडी घेऊन गॅरेजवर ये, गुरुवार सोडून कधीही. त्या मित्रालाही आण, त्याच्या गाडीसकट. त्याचा डबा उतरवून वजनकाट्यावर ठेवू, आत टॉर्च मारू, लोकर किती उरलीय ते तिघं मिळून बघू. गाडी गल्लीच्या तोंडाशी बंद करून ढकलत आणायला सांग त्याला, समोरच्या घरात तान्हं बाळ आहे.